गादी दबेल

साडूनं मोटार घेतली त्या दिवसापासून मिस्त्रीच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं औषधाच्या दुकानात सांगता येत नाही, आणि बायकोला सांगायचीही सोय नव्हती, कारण साडू म्हणजे तिच्याच धाकट्या बहिणीचा नवरा. तेव्हा मिस्त्री मूग गिळून बसला आणि वरवर म्हणाला, "वा, छान झालं."

छान कसलं डोंबलाचं! ती मोटार कुठली होती ते ऐकलंत तर तुम्हीही हेच म्हणाल. दुसरं महायुद्ध संपल्यावर तीन-चार वर्षांनी अमेरिकेत तयार झालेली, दोन दारांची, आठ सिलिंडरची गाडी. पाठ गोल, समोरची काच दोन सपाट तुकड्यांची, आणि पुढच्या चाकांवरचे पंखे, म्हणजे मडगार्ड, असे फुगीर की हात फिरवावासा वाटावा. दातांच्या एका डॉक्टरांनी ती हौसेनं घेतली होती. डॉक्टर गेले, गाडी बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आणि गेली सोळा वर्षं, दर वर्षी एकदा, मिस्त्री त्या शेडमध्ये जात होता.

जायचा आणि काय करायचा? चाकांत हवा भरायचा. टायर एकाच बाजूवर बसून चपटे होऊ नयेत म्हणून गाडी वीतभर पुढं ढकलायचा. बिजागऱ्यांना तेल घालायचा, उंदरांची घरटी काढायचा, बॉनेट उघडून इंजिन हातानं दोन वळसे फिरवायचा. मग हात पुसून डॉक्टरीणबाईंनी दिलेला चहा प्यायचा आणि घरी यायचा. "बाई, गाडी विकता का?" हे चार शब्द सोळा वर्षांत त्याच्या तोंडून फुटले नाहीत. नाही म्हणाल्या तर? नाही म्हणाल्या की पुढच्या वर्षी कुठल्या तोंडानं जायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, निदान गाडी मनातल्या मनात तरी आपली राहते. असा हा सगळा हिशेब. माणूस पत्र्याच्या कामात वाघ होता, कुठलाही चेंगरलेला दरवाजा हातोडीनं सरळ करायचा. बोलायची वेळ आली की मात्र शेळी.

मनात मांडे खायला मात्र कमी करत नव्हता. आपल्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला त्यानं एक जुना पत्रा टेकवून ठेवला होता आणि त्यावर खडूनं ती गाडी काढली होती. जशी होती तशी नव्हे. जशी व्हायला हवी तशी. टप, म्हणजे गाडीचं छत, कापून खाली आणलेला. दारांच्या मुठी काढून टाकलेल्या. दिवे पंख्यांच्या आत बसवलेले. पुढून बसकी, मागून लांब. दर वर्षी तो एखादी रेघ पुसायचा आणि अर्धा इंच इकडे किंवा तिकडे नवी ओढायचा.

आता साडूविषयी. साडूचं चष्म्याचं दुकान होतं. सहा फुटांच्या वर उंची, आणि हसण्याची अशी सवय की कुणाचा पाय मुरगळला तरी आधी हसेल आणि मग त्याला पाठीवर उचलून घरी पोचवेल. लोकांना तो आवडायचा. तेवढंच खटकायचं मिस्त्रीला. सासूबाईंच्या घरचा दिवा गेला की बोलावणं साडूला, कारण त्याला शिडी लागत नाही. फोटो काढायचा असला की साडू मागे मधोमध, आणि मिस्त्री पुढच्या रांगेत लहान मुलांबरोबर. सव्वापाच फुटांच्या माणसाला या गोष्टी लागतात. न लागल्यासारखं दाखवावं लागतं, म्हणून जास्त लागतात.

तर सतराव्या वर्षी मिस्त्रीची कंबर धरली होती. गाडी ढकलायला कुणीतरी हवं म्हणून त्यानं साडूलाच बरोबर नेलं. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर निदान दुसऱ्याकडून पाडून घ्यावा. यानं तो स्वतः उचलून पाडला.

साडू शेडमध्ये शिरला, गाडीभोवती एक चक्कर मारली, पंख्यावरून हात फिरवला आणि शीळ घातली. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या.

"बाई," साडू म्हणाला, "ही विकता का हो?"

इतकं सरळ. जणू भाजीचा भाव विचारतोय.

"घेता?" बाईंचा चेहरा उजळला. "घ्या ना! जागा तरी मोकळी होईल. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही बघा." मग मिस्त्रीकडे बघून म्हणाल्या, "हे बिचारे दर वर्षी येतात. मला वाटायचं, यांना साफसफाईची आवड आहे."

मिस्त्रीच्या हातातला चहा कपातच राहिला.

गाडी दोर बांधून न्यायची ठरली. दोर बांधला मिस्त्रीनं, ओढली मिस्त्रीच्या टेंपोनं, आणि मागं त्या गाडीचं स्टिअरिंग धरून बसला साडू. वाटेभर आरशात त्याचं हसरं तोंड दिसत होतं. चौकात लोक थांबून बघायचे तेव्हा तो खिडकीतून हात हलवायचा. टेंपोकडे कुणी बघितलं नाही. बघण्यासारखं होतं काय म्हणा टेंपोत!

कारखान्यात गाडी उभी राहिली. साडूनं तो खडूचा पत्रा बघितला, एकदा गाडीकडे बघितलं आणि टाळीच वाजवली.

"दादा! ही तर हीच गाडी!"

"असंच काढलंय," मिस्त्री म्हणाला. "वेळ जात नव्हता म्हणून."

"मग अशीच करा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुमची स्वतःची असती तर कशी केली असती? तशीच करा. समजा की तुमचीच आहे."

आता हे तो चांगल्या मनानं बोलला, यात शंका नाही. पण जळणाऱ्या माणसाच्या कानात चांगलं वाक्य गेलं तरी वाकडं होऊनच आत पोचतं. 'समजा' म्हणे! म्हणजे आहे याची, आणि समजायची मी. मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यानं हातोडी उचलली, कारण दुसऱ्या कुणाला त्या गाडीला हात लावू देणं त्याला त्याहून सोसलं नसतं.

तीन महिने काम चाललं, आणि ते काम असं झालं की विचारू नका. इंजिन ओळखीच्या एका जाणकाराकडून खोलून घेतलं. स्प्रिंगा बदलून गाडी खाली बसवली. दारांच्या मुठी काढल्या, भोकं बुजवली, आणि वर पुट्टी न थापता शिसं वितळवून भरलं. शिसं भरणं हे आता कुणी करत नाही. पत्रा तापवायचा, शिशाची कांडी टेकवायची, लोण्यासारखं मऊ झालं की लाकडी पट्टीनं पसरायचं. जरा जास्त तापलं की ओघळून पायावर. मिस्त्रीच्या हातचा सांधा डोळ्याला दिसत नसे आणि बोटालाही लागत नसे. त्याला बाकी कसला गर्व नव्हता, पण हा होता, आणि तो रास्त होता.

साडू रोज दुकान बंद करून जेवणाच्या सुट्टीत यायचा. डबा घेऊन एका उलट्या बादलीवर बसायचा आणि बघत राहायचा. "काय हात आहे, दादा!" म्हणायचा. स्तुती ऐकून मिस्त्री आणखी जळायचा. स्तुती करणारा गाडीचा मालक होता ना.

मग टप कापायचा दिवस आला.

टप कापण्याची एक रीत असते. मिस्त्रीच्या गुरूनं त्याला शिकवली होती आणि मिस्त्रीनं पुढं दहा जणांना ऐकवली होती. टप किती कापायचा हे फुटपट्टी ठरवत नाही. ज्यानं गाडी चालवायची त्याला आत बसवायचं. ताठ बसवायचं. त्याच्या डोळ्यांची रेघ टप पेलणाऱ्या खांबावर खडूनं ओढायची, डोक्यावर चार बोटं जागा सोडायची, आणि मग कापायचं. काच त्या डोळ्यांपुढं मधोमध आली पाहिजे. "टप म्हणजे टोपी," गुरू सांगायचा. "ज्याची त्यालाच घालून बघ."

त्या दिवशी साडू यायचा होता दीड वाजता. मिस्त्री बारालाच तयार होता. हातात खडू, यंत्राला नवी चकती, आणि धीर म्हणून नाही. त्यानं कारखान्याचं शटर अर्धं ओढलं आणि सहज, जरा टेकावं म्हणून, चालकाच्या जागेवर बसला.

सोळा वर्षांत तो त्या जागेवर कधी बसला नव्हता. बाईंच्या शेडमध्ये बसणं बरं दिसलं नसतं. आता बसला आणि हात आपोआप स्टिअरिंगवर गेले. पाय पेडलवर. आरसा त्यानं नीट केला. शेजारी बायको बसलीय असं समजून तिकडे बघितलं. मग कुठंतरी गेला तो. कुठं ते त्यालाच ठाऊक. शटरखालून येणारा उन्हाचा पट्टा हातभर सरकला तेव्हा त्यानं एक डोळा मिटला, समोर बघितलं, आणि खांबावर खडूनं रेघ ओढली.

एक वाजता कापायला सुरुवात झाली. दीड वाजता साडू डबा घेऊन आला तेव्हा ठिणग्या उडत होत्या आणि मागचे खांब अर्धे कापून झाले होते.

मिस्त्रीनं हे मुद्दाम केलं का? तुम्ही विचाराल, बायकोनंही पुढं विचारलं. तो म्हणतो, नाही. मला वाटतं, तोही खरंच बोलतो. कपट करायला डोकं थंड लागतं. याचं डोकं त्या दिवशी ठिकाणावरच नव्हतं. त्यानं आपल्या गाडीचा टप कापला, एवढंच त्याला माहीत. ती आपली नाही हे त्या तासाभरात त्याच्या लक्षातच नव्हतं.

साडेचार इंच कापले. टप खाली आणून जोडला, सांध्यात शिसं भरलं, काचा कापून आणल्या. आत नवी गादी बसवली. वर गडद निळा रंग दिला. गाडी अशी दिसायला लागली की तो खडूचा पत्रा तिच्यापुढं पोरखेळ वाटला. मिस्त्री दोन दिवस नुसता तिच्याभोवती फिरत होता. तिसऱ्या दिवशी सगळे गाडी न्यायला आले: साडू, मेहुणी, आणि बघायला म्हणून मिस्त्रीची बायको.

साडूनं दार उघडलं, एक पाय आत टाकला, वाकला, बसला आणि सरळ व्हायला गेला.

ठप्.

डोकं टपाला लागलं. त्यानं मान डावीकडे घेतली. टप तिकडेही होताच. खाली घेतली तर समोरची काच भुवयांच्या वर गेली. शेवटी मान उजवीकडे कलती करून, पोपट फांदीवर बसतो तसा, तो स्थिर झाला.

 त्या एका क्षणात मिस्त्रीला सगळं समजलं: खडू, रेघ, शटर, सगळं. तोंड उघडायचं तर आत्ता उघडायला हवं होतं. तीस वर्षांत त्याचं माप चुकलं नव्हतं. पुढं बायको उभी, मेहुणी उभी.

"गादी नवी आहे," तो म्हणाला. "दबेल."

"हां, बरोबर!" साडू हसला. "नवी गादी ना! दबेल की."

आणि पोपटासारखी मान करून, हॉर्न वाजवत, तो गेला.

आता तुम्हाला वाटेल, मिस्त्रीला गार वाटलं असेल. गाडी साडूची, पण सुख नाही. जळणाऱ्याला आणखी काय हवं? पण तसं झालं नाही, कारण साडू सुखात होता. मान वाकडी करून सुखात! रोज गाडी घेऊन दुकानात जायचा. लोक विचारायचे, मान का अशी? तर हा सांगायचा, "मिस्त्रीदादांचं माप कधी चुकत नाही हो. नवी गादी आहे, तेवढी दबायचीय." साऱ्या गावाला त्यानं हे सांगितलं. मिस्त्रीला रस्त्यात ओळखीचे लोक थांबवून विचारायला लागले, "काय, दबली का गादी?" आणि प्रत्येक वेळी मिस्त्रीला वाटायचं, हा माणूस मला मुद्दाम छळतोय. मग आठवायचं की साडूला छळता येत नाही. त्याला ती अक्कलच नाही. मग तर राग आणखी वाढायचा. नाही नाही त्या माणसाला देवानं इतका आनंद दिला, आणि आपल्याला इतका चांगला हात देऊन त्यात तो आनंद घालायला विसरला.

तिसऱ्या आठवड्यात साडूच्या गळ्यात डॉक्टरी पट्टा आला. रविवारी दोघं मिस्त्रीकडे जेवायला आले, तेव्हा वर बघायचं तर त्याला अख्खं वळावं लागत होतं. गाडी शेजाऱ्याच्या फाटकापुढं लागली होती. शेजारी ओरडायला लागला.

"दादा," साडू म्हणाला, "जरा तुम्हीच काढता का? माझी मान आज अगदीच रुसलीय."

मिस्त्री गेला, बसला, गाडी मागं घेतली, वळवली आणि भिंतीला लागून उभी केली. मिनिटभराचं काम. बायको दारात उभी राहून बघत होती.

पाहुणे गेल्यावर दुपारी ती ताटं विसळत होती आणि मिस्त्री पुसत होता.

"अहो, एक विचारू?"

"हं."

"गादी तुमच्यापुरती दबली का?"

मिस्त्री ताट पुसत राहिला. ते केव्हाच कोरडं झालं होतं.

"कसे ताठ बसला होतात तुम्ही," ती म्हणाली. "डोळे काचेच्या बरोब्बर मधोमध. शिंप्यानं अंगावर बेतल्यासारखी बसली ती गाडी तुम्हाला. आणि माझी बहीण रोज संध्याकाळी नवऱ्याची मान शेकतेय."

"त्यानंच सांगितलं होतं. म्हणे, समजा तुमचीच आहे."

"तो प्रेमानं म्हणाला. कापायला नव्हतं सांगितलं." तिनं नळ बंद केला. "तुम्हाला ती गाडी हवी होती हे मला माहीत नाही असं वाटतं का तुम्हाला? सोळा वर्षं तुमच्या शर्टाला त्या शेडचा वास येतो, तो कोण धुतं? मला वाटायचं, आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही विचारलं नाहीत. त्यानं विचारलं. यात त्याचा काय गुन्हा?"

"गुन्हा नाही."

"मग जा, सांगा त्याला. नाही तर मी सांगते."

"तू नको," मिस्त्री म्हणाला. "तू सांगितलंस तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

सोमवारी तो चष्म्याच्या दुकानात गेला. साडू एका म्हाताऱ्या बाईंच्या नाकावर फ्रेम ठेवून छोट्या पट्टीनं दोन डोळ्यांमधलं अंतर मोजत होता. पट्ट्यामुळं मान वळत नव्हती, म्हणून तो चक्क गुडघ्यावर बसला होता. "इकडे बघा आजी. माझ्या नाकाकडे. नाक मोठं आहे, चुकायचं नाही." आजी हसल्या. मिस्त्री स्टुलावर बसून राहिला. आजी गेल्या.

"मी माझं माप घेतलं," मिस्त्री म्हणाला.

"कशाचं?"

"टपाचं. तू यायच्या आधी मी बसलो, आणि माझ्याच डोळ्याची रेघ मारली. गादीचा काही दोष नाही. ती दबणार नाही. खाली तिला दबायला जागाच नाही."

साडू पट्टी खोक्यात ठेवत होता. त्याचा हात थांबला. मिस्त्रीनं त्याला कधी न हसता बघितलं नव्हतं. न हसता तो वयानं बराच मोठा दिसायचा.

"दादा," तो म्हणाला, "मी तीन आठवडे रोज सकाळी त्या गाडीत बसून पेपर वाचला. गादी दबावी म्हणून. बायकोला पण शेजारी बसवायचो, वजन पडावं म्हणून. शेजारचे हसायचे. मी त्यांना सांगायचो, दादा म्हणालेत म्हणजे दबणारच."

साडूनं पट्टी खोक्यात ठेवून झाकण लावलं.

"माप चुकलं, त्याचं काही नाही. माझ्याकडूनही चुकतं. पण समोरचं माणूस चाचपडायला लागलं की मी त्याला 'डोळे सरावतील' असं नाही सांगत." तो समोरच्या दुसऱ्या स्टुलावर बसला. "एवढं कसं झालं, दादा? तुमच्याकडून?"

"मला ती हवी होती."

"गाडी?"

"सोळा वर्षं."

"मग बाईंना विचारलं का नाहीत?"

"नाही म्हणाल्या असत्या तर?"

 साडूला खरंच समजत नव्हतं. "तर नाही म्हणाल्या असत्या," तो म्हणाला.

बाहेर रस्त्याला गाडी उभी होती. दोन पोरी तिच्या काचेत बघून केस नीट करत होत्या. मिस्त्रीच्या मनात एक पाजी विचार आलाच: आता हा म्हणेल, तुमच्याच मापाची आहे, तर तुम्हीच घ्या. हा असा माणूस आहे की म्हणेल. आणि तो म्हणाला तर मी नाही म्हणणार नाही.

"मी ती तुम्हाला देणार नाही," साडू म्हणाला. त्यानं मिस्त्रीच्या मनातलं ऐकलं की काय कुणास ठाऊक. "मलाही ती फार आवडते, दादा. मान मोडली तरी आवडते. तुम्ही मागू नका."

मिस्त्रीला वाईट वाटलं, आणि त्या वाईट वाटण्यात एक सुटकाही होती. कुणीतरी तोंडावर नाही म्हणालं होतं. आणि तो अजून स्टुलावर बसलेला होता, जागच्या जागी, मेला नव्हता.

"उद्या घेऊन ये," तो म्हणाला. "टप उचलतो."

"उचलता येतो?"

"कापायचा आणि मध्ये पट्टी जोडायची. काचा नव्या कराव्या लागतील." त्यानं बोटानं हवेत एक रेघ ओढली. "सांधा राहील. रंगाखाली दिसणार नाही. पण टिचकी मारली की माणसाला कळेल, इथं दोनदा कापलंय."

"कुणाला कळेल?"

"मला," मिस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गाडी कारखान्यात आली. काचा काढल्या, टप कापून सुटा केला आणि दोघांनी मिळून उचलून लाकडाच्या घोड्यावर ठेवला. बिनटपाची गाडी उघडीवाघडी दिसत होती. रस्त्यावरून जाणारे डोकावून बघत होते. मिस्त्रीनं शटर पूर्ण वर केलं.

"बस," तो म्हणाला.

साडू चढून आत बसला. गळ्यातला पट्टा काढला. तीन आठवड्यांनी मान सरळ करताना त्यानं डोळे मिटून घेतले, आणि मानेतून कट् असा आवाज मिस्त्रीला बाहेर ऐकू आला. तो आवाज मिस्त्रीला आपल्याच मानेत लागला.

"ताठ."

"ताठच आहे."

"स्टिअरिंग धर. समोर बघ."

साडूनं स्टिअरिंग धरलं, समोरच्या भिंतीकडे बघितलं, आणि त्याला राहवलं नाही. ओठ फाकले. काल दुकानात विझलेलं ते हसू परत आलं, तसंच्या तसं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मिस्त्रीला ते बघून बरं वाटलं आणि पोटात पुन्हा दुखलंही. दोन्ही एकदमच.

"हसू नको. हसलास की उंच होतोस."

"बरं."

मिस्त्रीनं बादली उलटी केली, तिच्यावर चढला आणि लाकडी पट्टी साडूच्या डोक्यावर आडवी धरली. पट्टी टेकेना. या वयात इतके दाट केस! पांढरा एक नाही. मिस्त्रीनं नकळत स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. एवढंच राहिलं होतं बघायचं. केस तसेच धरून माप घेतलं असतं तर टप अर्धा इंच वर गेला असता आणि गाडी बेढब दिसली असती, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

त्यानं तळहातानं ते केस नीट दाबून बसवले, पट्टी टाळूला टेकवली आणि खरं माप खांबाच्या उरलेल्या खुंटावर खडूनं लिहिलं.